जेक हेकेच्या घरात नेमकं काय घडतं, आणि का

ऑकलंडला आलो त्या वर्षी आम्ही भाड्याचं घर शोधत होतो, तेव्हा ओळखीतल्या एका काकांनी फोनवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं, ह्याच्या खाली बघूच नका, तिकडे माओरी (म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची) वस्ती आहे, पितात, बायकांना मारतात, खोटं वाटत असेल तर 'वन्स वेअर वॉरियर्स' बघा. काका माणूस चांगला आहे, पहिले पंधरा दिवस त्यांच्याच घरी जेवलोय आम्ही. पण त्यांनी सांगितलं म्हणून तो सिनेमा, जेक हेके नावाच्या माओरी माणसाच्या घराची गोष्ट, बघितला आणि रात्रभर झोप लागली नाही, कारण मला त्यात जे दिसत होतं ते त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हतं. नंतर मी तो अजून दोनदा बघितला. मधल्या काळात माओरी भाषेच्या संध्याकाळच्या क्लासला जायला लागले होते आणि खरं सांगायचं तर तेव्हा कुठे तो नीट कळला. इथे नवीन येणारी बरीच मराठी मंडळी हा सिनेमा बघून काकांचंच मत घेऊन बसतात, म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, सिनेमात भयंकर मारहाण आहे, एका १३ वर्षांच्या मुलीवर बलात्कार आहे आणि आत्महत्या आहे. लेखात सगळी गोष्ट येणार आहे, त्यामुळे आधी सिनेमा बघायचा असेल तर बघून या.

थोडी माहिती. सिनेमा १९९४ चा, दिग्दर्शक ली तामाहोरी, वडिलांकडून माओरी, आधी जाहिराती बनवायचे आणि हा त्यांचा पहिला मोठा सिनेमा. अॅलन डफ यांच्या १९९० च्या कादंबरीवर आहे, पण पटकथा रिविया ब्राउन ह्या बाईंनी लिहिलीय, आणि हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. जेक म्हणजे तेमुएरा मॉरिसन, जो पुढे स्टार वॉर्समध्ये बोबा फेट झाला. बेथ म्हणजे रेना ओवेन. न्यूझीलंडमध्ये तोवर कुठल्याच देशी सिनेमाने एवढा गल्ला जमवला नव्हता.

सुरुवातीला पडद्यावर डोंगर, स्वच्छ पाणी, आकाश, म्हणजे टुरिझमच्या कॅलेंडरवर असतं तसं न्यूझीलंड. मग कॅमेरा हळूच सरकतो आणि कळतं की हा रस्त्याकडेला लावलेला जाहिरातीचा फलक आहे, आणि त्याच्या खालून धडधडत मोटारवे जातोय, कुंपण, धूर, कळकट वस्ती. अर्ध्या मिनिटात सगळं सांगून टाकलंय. ज्यांची ती जमीन होती त्यांच्या वाट्याला आता तिचा फोटो उरलाय.

घर हेके कुटुंबाचं. जेक, बेथ आणि पाच मुलं. मोठा निग, मग बूगी, ग्रेस आणि दोन लहान. जेकला नुकतंच कामावरून काढलंय पण त्याला फारसं काही वाटत नाही कारण बेकारभत्ता पगारापेक्षा थोडाच कमी आहे. तो दिसायला देखणा आहे, गातो छान, पबमध्ये त्याच्या मुठींचा दरारा आहे. बेथचं अजूनही त्याच्यावर प्रेम आहे आणि सिनेमा हे लपवत नाही, दोघं मिळून गातात तो प्रसंग इतका गोड आहे की आपल्यालाही जेक आवडायला लागतो. हे मुद्दाम केलंय. मारणारा नवरा चोवीस तास राक्षस असता तर कुठलीच बाई एवढी वर्षं राहिली नसती ना.

मग तो अंड्यांचा प्रसंग. घरी दारूची पार्टी, रात्र झालेली, जेकचा मित्र बुली, ज्याला मुलं काका म्हणतात, त्याला अंडी खायची असतात. जेक बेथला करून द्यायला सांगतो. ती नाही म्हणते. बस एवढंच. त्यानंतर जे होतं ते मी लिहीत नाही, पण ते बघताना घरात जमलेल्या बाकीच्यांकडे लक्ष द्या, ते गुपचूप निघून जातात. आणि मुलं आपल्या खोलीत, ग्रेस लहान भावंडांना जवळ घेऊन बसलेली, सगळं ऐकू येतंय.

आता इथे थांबून बघितलं पाहिजे, कारण 'दारू प्यायली म्हणून मारलं', 'राग आवरला नाही' हे आपण सगळेच पटकन म्हणतो. दारू तिथे सगळेच प्यायले होते. भूक बुलीला लागली होती, जेकला नाही. जेकला टोचलं ते हे की माझ्या मित्रांसमोर माझ्या बायकोने नाही म्हटलं. घरातली हिंसा समजून घेताना हा धागा पकडावा लागतो, हात उचलणं हे बहुतेक वेळा ताबा ठेवण्याचं साधन असतं, ह्या घरात शब्द कोणाचा चालतो हे पुन्हा एकदा दाखवून देणं. आणि त्याचा हिशोब त्या रात्रीपुरता राहत नाही. दुसऱ्या दिवशी बूगीला कोर्टात जायचं असतं, चोरीमारीत अडकलेला पोरगा, आई सोबत हवी, पण बेथचा चेहरा असा सुजलाय की ती जाऊ शकत नाही. ग्रेस एकटी जाते. कोर्ट बघतं की ह्याच्याकडे घरचं कोणी मोठं माणूस आलेलंच नाही, आणि बूगीला मुलांच्या सरकारी होममध्ये पाठवतं. म्हणजे मार एकीला बसला आणि घर गमावलं मुलाने.

पुढे एक दिवस जेक चांगला वागतो. भाड्याची गाडी घेतात, सगळे नटूनथटून बूगीला भेटायला निघतात, मुलं खूश, आणि वाटेत जेक एकच ग्लास म्हणून पबमध्ये शिरतो. बाकीचे गाडीत वाट बघत बसतात, संध्याकाळ होते, बूगीकडे कोणी पोचतच नाही. मला मारहाणीच्या प्रसंगापेक्षा हा जास्त लागला. मार, मग गोडवा, मग आशा, मग पुन्हा तेच, हे चाक ज्या घरात फिरतं तिथल्या बाईला 'निघून का नाही गेलीस' विचारणं सोपं असतं. बेथकडे पैसे नाहीत, पाच मुलं आहेत, माहेर तुटलेलं आहे, आणि मधूनमधून येणारा तो चांगला दिवस आहे, तो सगळ्यात घट्ट बांधून ठेवतो.

माहेर का तुटलं? त्याच सहलीत बेथच्या गावची मराए दिसते. मराए म्हणजे माओरी समाजाचं पूर्वजांच्या नावाचं सभाघर आणि त्यासमोरचं अंगण, जन्म, मरण, भांडणं, पाहुणे, सगळं तिथे. बेथ वरच्या घराण्यातली आणि जेक गुलामांच्या वंशातला म्हणून तिच्या वडीलधाऱ्यांना हे लग्न नको होतं. जेक हे हसत हसत सांगतो पण ते हसणं खरं नाही. माओरींच्या जुन्या लढायांमध्ये हरलेल्यांना गुलाम करायचे आणि तो कलंक पिढ्यान्‌पिढ्या चिकटायचा. म्हणजे सिनेमा असं अजिबात म्हणत नाही की गोरे यायच्या आधी सगळं सोन्याचं होतं. जेकला स्वतःच्याच लोकांनीही कमी लेखलंय आणि बाहेरच्यांनीही, आणि त्याने हातातल्या मुठी हीच आपली किंमत मानलीय.

आता इतिहास, जमेल तेवढा सोपा करून.

माओरी भाषेत 'फेनुआ' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक जमीन आणि दुसरा बाळाची वार. बाळ झालं की वार आणि नाळ आपल्या वाडवडिलांच्या जमिनीत पुरायची पद्धत. क्लासमध्ये बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हात वर करून म्हटलं की आमच्याकडेही जिथे नाळ पुरली तिथला माणूस असं म्हणतात, आणि त्या एकदम गप्प झाल्या आणि मग हसल्या. तसंच 'हापू' म्हणजे कुळांचा समूह आणि तोच शब्द गरोदर बाईसाठी. 'इवी' म्हणजे जमात आणि इवी म्हणजे हाडंसुद्धा. जमीन, बाई, पूर्वज, हे सगळं त्या भाषेत एकमेकांत गुंतलेलं आहे, त्यामुळे जमीन गेली म्हणजे फक्त शेत गेलं असं तिथे होत नाही.

आणि जमीन गेली. ६ फेब्रुवारी १८४० ला वाइटांगीला ब्रिटिश राणीच्या वतीने माओरी प्रमुखांशी करार झाला. इंग्रजी मसुद्यात लिहिलं की सार्वभौमत्व राणीचं. माओरी मसुद्यात मात्र राणीला कारभार बघायचा हक्क आणि आपल्या जमिनी, गावं, ठेवा ह्यांवरची सत्ता प्रमुखांकडेच. बहुतेकांनी सह्या केल्या त्या माओरी मसुद्यावर, आणि सह्या करणाऱ्यांत बायकाही होत्या, किमान १३. मग १८६० च्या दशकात लढाया, १८६३ च्या कायद्याने 'बंड करणाऱ्यांच्या' जमिनी जप्त, आणि नंतर जमिनीचं एक खास कोर्ट आलं ज्याने समाजाच्या सामायिक जमिनीचे माणसागणिक मालक ठरवले. सामायिक जमीन विकत घेणं अवघड, एकेकट्या माणसाचा हिस्सा विकत घेणं सोपं, हे कोणालाही कळेल. आज देशाच्या एकूण जमिनीपैकी साधारण ५ टक्केच माओरी मालकीची जमीन म्हणून उरलीय. शाळांमध्ये माओरी बोललं की छड्या, त्यामुळे एक अख्खी पिढी अशी झाली जिने मुलांशी मुद्दामच आपल्या भाषेत बोलणं टाळलं, त्यांना मार बसू नये म्हणून.

बायकांचं काय झालं ते वेगळं सांगायला हवं, कारण 'त्यांच्या संस्कृतीतच आहे' हे वाक्य इथेच मोडतं. अनेक माओरी अभ्यासक बायका सांगतात की आधी बाई लग्नानंतरही स्वतःच्या कुळाची राहायची, नवऱ्याने हात उचलला तर तिचे भाऊ, काका, आत्या हिशोब मागायला यायचे, आणि मुलं सगळ्या 'फानाऊ'ची म्हणजे विस्तारलेल्या कुटुंबाची असायची. सुरुवातीला आलेल्या कितीतरी युरोपियन लोकांनी लिहून ठेवलंय की माओरी बाप पोरांचे फार लाड करतात, मारत नाहीत. त्यांना ते नवलाचं वाटलं होतं! आणि त्या काळच्या इंग्रजी कायद्यात बाई लग्न झालं की नवऱ्याच्या छायेत, तिची मालमत्ता त्याची. ही चौकट इथे लादली गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पाचपैकी चारहून जास्त माओरी खेड्यात राहायचे. पन्नास वर्षांच्या आत हे उलटं झालं, ऐंशीच्या दशकात पाचपैकी चार शहरात. इतक्या वेगाने शहरात आलेला समाज जगात फार थोडा असेल. गावात काम नव्हतं आणि शहरात कारखान्यांना हात हवे होते, मांस प्रक्रियेचे कारखाने, गोदी, गाड्यांचे कारखाने. सरकारनेही १९६० नंतर ह्याला जोर दिला आणि एक धोरण असं होतं की माओरी कुटुंबांना गोऱ्यांच्या वस्तीत एकेक करून विखरून घरं द्यायची म्हणजे ते मिसळून जातील. पुढे ओटारा, मांगेरे असे मोठाले सरकारी घरांचे भागही उभे राहिले. आईबाप, चार मुलं, तीन खोल्या, आत्या नाही, आजोबा नाही, मराए चारपाच तासांवर. भिंतीपलीकडे कोण रडतंय हे विचारायला येणारं माणूसच उरलं नाही. मग १९८४ पासून सरकारने अर्थव्यवस्था एकदम मोकळी केली, कारखाने बंद पडले आणि सगळ्यात आधी ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यात हेच लोक होते, १९९१ ला भत्तेही कापले. जेक त्या काळातला माणूस आहे.

मोठा मुलगा निग घर सोडून टोळीत जातो. टोळीचं नाव तोआ, आणि तोआ म्हणजे योद्धा. आत घेताना टोळीवाले त्याला बेदम मारतात आणि मग मिठी मारून म्हणतात आता आम्ही तुझं कुटुंब. घरी काय शिकला होता तेच त्याला तिथे मिळतं, आधी मार आणि मग माया. चेहऱ्यावर 'मोको' गोंदवतो. खरा मोको म्हणजे तुमची वंशावळ, तुम्ही कोण, कुठले, हे चेहऱ्यावर कोरलेलं असतं, ते कमवावं लागतं. निगने ती नक्षी घेतलीय पण तिचा अर्थ सांगणारं कोणी त्याला भेटलेलं नाही. बूगीला मात्र होममध्ये बेनेट नावाचे अधिकारी भेटतात, ते पोरांना 'हाका' म्हणजे माओरींचं जोशपूर्ण समूहनृत्य आणि 'ताइआहा' म्हणजे लाकडी लांब शस्त्र शिकवतात, आणि सांगतात की खरं हत्यार डोक्यात असतं. पुढे निग त्याला विचारतो तुलाही गोंदण हवंय का, तर तो म्हणतो माझं मी आतून घालतो. एकाच आईबापाची दोन पोरं.

पण इथे सिनेमाशी माझं पटत नाही. बूगीला मिळालेलं होम खऱ्या जगात फार थोड्यांना मिळालं. सरकारी आणि धार्मिक संस्थांमधल्या अत्याचारांची न्यूझीलंडमध्ये मोठी चौकशी झाली, २०२४ ला अंतिम अहवाल आला, त्यात अंदाज दिलाय की १९५० ते २०१९ ह्या काळात सुमारे ६ लाख ५५ हजार मुलं आणि प्रौढ अशा देखभालीत होते आणि त्यातल्या जवळपास २ लाख लोकांवर अत्याचार झाले. माओरी मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त उचलली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. इथल्या खऱ्या टोळ्यांमधले कितीतरी जण लहानपणी अशाच होममधून गेलेले आहेत. म्हणजे निग आणि बूगीचे रस्ते सिनेमात वेगळे आहेत, प्रत्यक्षात बऱ्याचदा एकच रस्ता होता.

आता ग्रेस. ग्रेस गोष्टी लिहिते, वहीत. ह्या घरात सकाळी बाटल्या-काचा उचलणारी तीच, लहानांना शांत करणारी तीच. बुली काका एका रात्री तिच्यावर बलात्कार करतो. ती कोणालाच सांगत नाही. का, हे सिनेमा बोलून दाखवत नाही पण आपल्याला कळतं, ज्या घरात आईने नाही म्हटल्यावर काय होतं हे पोरीने पाहिलंय त्या घरात ती सांगणार कोणाला आणि कशी. जेक सगळ्यांसमोर तिला बुली काकाला पापा दे म्हणतो, ती देत नाही, आणि जेक तिच्यावर चिडतो, तिची वही फाडतो. त्यानंतर ग्रेस घरामागच्या झाडाला गळफास घेते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि काकांसारखे लोक नेमका तोच विसरतात. बेथ ठरवते की ग्रेसला मराएवर न्यायचं. जेक येत नाही. तिथे 'तांगी' होते, म्हणजे माओरी अंत्यविधी, दोन-तीन दिवस चालतो, मृताला एकटं सोडत नाहीत, सगळे जवळ बसून मोठ्याने रडतात, त्याच्याशी बोलतात. ज्या माहेराने लग्नाला नकार दिला होता ते बेथला काही न विचारता आत घेतं. बूगी बहिणीसाठी शिकलेलं सगळं ओतून उभा राहतो. दीड तासात पहिल्यांदा बेथच्या आजूबाजूला माणसं आहेत. अंडी करायला नाही म्हटल्यावर मार खाणाऱ्या बाईभोवती त्या रात्री हे लोक असते तर, हा प्रश्न माझ्या मनातून जातच नाही.

मग इतिहास सांगून जेकला सोडून द्यायचं का? नाही. ज्या इतिहासाने जेकला चिरडलं त्यानेच बेथलाही चिरडलं, आणि तिने कोणाच्या तोंडावर मूठ मारली नाही. हिंसा कुठून आली हे समजणं वेगळं आणि मारणाऱ्याला माफ करणं वेगळं, आणि सिनेमा ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरून चालतो. ह्याच्यावरून वाद खूप झाले. डफ यांच्या कादंबरीचा रोख जास्त आपल्याच लोकांवर होता, तुम्ही स्वतः सुधरा असा, आणि इतिहासाचं काय म्हणून माओरी लोकांनीच त्यांच्यावर टीका केली. कादंबरीत ग्रेसला अंधारात तो कोण होता हेसुद्धा दिसत नाही आणि तिचा संशय बापावर जातो. रिविया ब्राउन यांनी पटकथा लिहिताना कथा बेथच्या बाजूला वळवली, आणि माझ्या मते म्हणूनच सिनेमा टिकला. सिनेमावरही आक्षेप आहेत, की गोरी माणसं त्यात जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे हे सगळं माओरींनी आपणहून करून घेतलंय असं वाटतं. तो आक्षेप मला पटतो. काकांना तसंच वाटलं होतं.

आणि काकांना मी अजून एक सांगितलं होतं, थोडं जोरातच. ऑकलंडमध्ये १९९५ पासून 'शक्ती' नावाची संस्था आहे, ती आशियाई बायकांसाठी सुरू झाली, त्यात आपल्या भारतीय बायकाही आल्या, ज्यांना घरात मार बसतो किंवा ज्यांचा पासपोर्ट नवऱ्याने लपवून ठेवलाय. ही संस्था उगाच तीस वर्षं चालत नाही. त्याच १९९५ साली इथे घरगुती हिंसेचा कायदा आला, त्यात मानसिक छळही धरला आणि मुलांना मारहाण बघायला लावणं हाही मुलांवरचा अत्याचार धरला, म्हणजे खोलीत बसून ऐकणारी ग्रेस कायद्याला दिसायला लागली. आता त्या जागी २०१८ चा कायदा आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला हिंसेमुळे वेगळं व्हावं लागलं तर काही अटींवर तिच्यासाठी स्वतंत्र व्हिसाची सोयसुद्धा आहे. हे इथल्या प्रत्येक मराठी बाईला माहीत असायला हवं, कारण 'आता परत पाठवतील' ही भीती घालूनच गप्प बसवलं जातं.

शेवटी बेथला ग्रेसची फाटलेली वही जोडताना सगळं कळतं. ती पबमध्ये जाऊन जेकसमोर ठेवते. जेक बुलीला फोडून काढतो, आणि थिएटरमध्ये टाळ्या पडाव्यात असा तो क्षण आहे पण बेथचं त्याने समाधान होत नाही. तिला ती मूठ आता कोणासाठीच नकोय, मुलीच्या बाजूने उठलेलीही नको. बाहेर ती जेकला सांगते की आमचे पूर्वज योद्धे होते, पण तुझ्यासारखे नव्हते. त्यांच्याकडे 'मना' होती. आपल्या 'मान' शब्दाशी तिचं नातं नाही, अर्थ मात्र जवळ जातो, लोकांनी मनापासून दिलेला आणि आपण वागून टिकवलेला मान. सिनेमाचं नाव तिथून आलंय, त्यातला 'वेअर' म्हणजे 'होते' हा शब्द जेकसाठी आहे. मग ती निघून जाते. जेक पबबाहेर बसून तिच्या नावाने ओरडत राहतो, आणि लांबून पोलिसांच्या गाडीचा आवाज जवळ यायला लागतो.